दादा, तुझ्याकडे ठेवायला दिलेली किडनी

सोमवार, १७ फेब्रुवारी २००३, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. तू गेलास ती ही वेळ मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिली. डॉक्टर आले तेव्हा आठ वाजून गेले होते, आणि दाखल्यावर त्यांनी त्यांची वेळ लिहिली. मी दुरुस्ती सुचवणार होते. आईने माझा हात धरला. तू असतास तर म्हणाला असतास, "गिरजे, आता त्यांच्या बी चुका काढतीस का?"

म्हणून खरी वेळ इथे लिहून ठेवते आहे, दादा.

त्याला अकरा दिवस झाले. उद्या महाशिवरात्र. वैजनाथाच्या रस्त्यावर बेलाचे ढीग आणि खेळण्यांची दुकाने लागली आहेत, आणि औष्णिक केंद्राच्या धुरांड्यांतली राख त्या सगळ्यावर नेहमीसारखी बसते आहे. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. तुझे पाइप आणि नळांचे दुकान तिसऱ्या दिवशी उघडले आणि गल्ल्यावर आई बसली. माणसे भेटायला येतात, डोळे पुसतात आणि जाताना अर्ध्या इंचाचा नळ घेऊन जातात. तुला हे आवडले असते.

पण तुझ्यामाझ्यातला एक वाद तू अर्धा सोडून गेलास. दीड वर्षापूर्वी आईने मला एका शब्दाचा प्रश्न विचारला होता: कावून? म्हणजे, का? त्याचे उत्तर मी कालपर्यंत दिले नाही, कारण तू देऊ दिले नाहीस. प्रश्न तिने स्वतः उकळून तुला पाजलेल्या गुळवेलीच्या काढ्याचा होता. त्या काढ्यानंतर तुझ्या पोटात बसवलेले माझे मूत्रपिंड बंद पडत गेले. काढ्यानेच का, हे तिला जाणून घ्यायचे होते. तू होतास तोवर तू आडवा येत होतास. आता तिच्या आणि माझ्या मध्ये कुणी नाही.

तुझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा मी औरंगाबादला सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात होते. बाबा आधीच गेलेले. आईला साखर, म्हणून तिचे चालेना. माझे रक्त जुळले. नातेवाइकांनी आईला ऐकवले की पोराला वाचवायला पोरीला अधू करते आहेस, उद्या हिला कोण करून घेईल. तू तर माझ्याशी बोलणेच सोडलेस. मी जुळणीचा अहवाल तुझ्यासमोर ठेवला आणि एकेक ओळ समजावली. पेशींवरच्या निम्म्या खुणा जुळत होत्या, निम्म्या नव्हत्या. तू तेवढेच पकडलेस.

"निम्म्याच? मंग बाकीच्या निम्म्या भांडण काढतील की."

"त्यासाठी गोळ्या असतात."

"जलमभर?"

"जन्मभर."

तू अहवालाची घडी घातलीस आणि म्हणालास, "तुला भूल देतील तवा तू भ्यायली तर मला नको." मी भ्याले होते. तुला सांगितले नाही. हे आज सांगते.

ऑपरेशननंतर तुला बाहेर आणले तेव्हा आईने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "नांदती हाय का?" डॉक्टर दुसऱ्या मुलखातले, त्यांना कळेना. नळ्यांनी वेढलेला तू, डोळेही नीट न उघडता, त्यांना अर्थ सांगितलास: "लेक सासरी रुळली का, ते इचारतीय." आमच्या विषयाच्या पुस्तकांत परके इंद्रिय शरीराने स्वीकारणे याला एक जडशीळ शब्द आहे. त्या दिवसानंतर मला तो कधी पुरेसा वाटला नाही. माझे मूत्रपिंड तुझ्या ओटीपोटात, उजव्या बाजूला, चार वर्षे नांदले.

त्या चार वर्षांचा आलेख मी तुझ्या दुकानात, दिनदर्शिकेशेजारी लावून ठेवला होता. दर तपासणीचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातला किती कचरा मागे ठेवला त्याचे माप, मी त्यावर टिंबाने मांडायचे. सुट्टीत मी स्वतः. नाहीतर तू एसटीडी बूथवरून आकडा सांगायचास आणि घरी आल्यावर मी टिंबे भरायचे. रेषा जवळजवळ सपाट होती. एका गिऱ्हाइकाने विचारले, "बसवराज, ह्यो पायपाचा भाव हाय का?" तू म्हणालास, "हाय. वाढला की माजं वाटोळं."

अंबाजोगाईचे ते स्थळ आठवते? मुलाच्या काकांनी चहा संपवून, बशी खाली ठेवता ठेवता, हळूच विचारले होते की मुलीला एकच किडनी आहे असे ऐकतो. आई पदराशी खेळू लागली. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते: एका मूत्रपिंडावर माणूस पूर्ण आयुष्य निरोगी जगतो, असे काहीसे. तू माझ्या आधी बोललास. "तिला दोन हायत," स्वतःच्या पोटावर हात ठेवून तू म्हणालास, "एक माझ्याकडं ठेवायला दिलीय." काका हसले, स्थळ काही जमले नाही, आणि ते गेल्यावर आपण तिघेही इतके हसलो की आईला उचकी लागली. मी त्या दिवशीच पुण्याला पीएच.डी.ला जायचे ठरवले होते. तुला ते कळले होते, असे मला नेहमी वाटत आले.

विषय निवडला तो तुझ्यामुळे, हे मी मार्गदर्शकांना कधी सांगितले नाही. तिथे अशी कारणे चालत नाहीत. नियामक टी पेशी. एकेकाळी आवर घालणाऱ्या पेशींबद्दल पुष्कळ बोलले गेले, मग पुरावे टिकेनात आणि तो विषय जवळजवळ बदनाम झाला. गेल्या काही वर्षांत त्यांची खरी ओळख पटू लागली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तू पाइपाला आटे पाडत होतास आणि मी दुकानातल्या पाटावर बसून तुला हे समजावत होते. शरीरात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्या लढणाऱ्यांना थोपवणाऱ्याही असतात. त्या नसतील तर शरीर स्वतःलाच खाऊ लागेल.

"पर त्यांला सांगतंय कोण, कवा थांबवायचं त्ये?" तू विचारलेस. आणि मला बरे वाटले, कारण माझा सगळा प्रबंध त्याच प्रश्नावर उभा होता.

पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. ज्या पेशीवर ती पकडण्याची जागा असते तिला निरोप पोचतो. त्यातल्या एका निरोपाचे नाव इंटरल्युकिन-२. लढणाऱ्या टी पेशी तो सोडतात आणि त्याच्याच बळावर संख्येने वाढतात. वर्षानुवर्षे समज असा, की ही चढाईची हाक. मग ज्यांच्यात हा निरोप तयारच होत नाही असे उंदीर घडवले गेले. ते दुबळे निघतील अशी अपेक्षा होती. उलट, त्यांच्या पेशी त्यांच्याच शरीरावर तुटून पडल्या. थोपवणाऱ्या पेशींना हा निरोप स्वतः बनवता येत नाही. लढणाऱ्यांनी सोडलेला निरोप त्या टिपून घेतात, त्यावर जगतात, आणि तो पकडण्याच्या जागा त्यांच्यावर कायमच भरपूर असतात. निरोप बंद झाला की त्यांचा आधार तुटतो.

तू आटे पाडणे थांबवलेस. "म्हंजे भांडणारे वरडलेच न्हाईत, तर मिटवणारा बी उपाशी मरतो."

"ढोबळमानाने."

"आन माझी सकाळ-संध्याकाळची गोळी?"

तुझी गोळी नेमका हाच निरोप दाबत होती. लढणाऱ्या पेशी गप्प राहाव्यात, मूत्रपिंड टिकावे, म्हणून. ती नसती तर तुला चार महिनेही मिळाले नसते. पण त्याच गोळीने तुझ्या शरीरातल्या समजूत घालणाऱ्या पेशीही उपाशी राहत असाव्यात, असा आम्हाला संशय होता, आणि आहे. मी हे सांगितले. तुझ्यापासून मी काही लपवत नव्हते.

"मुक्यांच्या घरात पोरगी नांदंल कशी गं?"

मी म्हणाले की लढणाऱ्यांना गप्प करून थोपवणाऱ्यांना मात्र जागे ठेवता येईल का, हेच शोधायचे आहे.

"मंग जरा लवकर शोध," तू म्हणालास, आणि पुन्हा पाइपाला लागलास.

दादा, माझ्या प्रयोगशाळेत कुणी इतक्या साध्या शब्दांत मुदत घालून दिली नव्हती.

पुढच्या वर्षी भाद्रपदात तुला ताप आला. सर्दी, अंगदुखी; साऱ्या गल्लीत तीच साथ होती. आईला इतके ठाऊक होते की तुझ्या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात. हे तिला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हते. देवाने दिलेली ताकद औषधाने घटवायची हे तिला उलटे वाटे. तिचा हिशेब सरळ होता: गोळ्या जेवढे काढून घेतात तेवढे आपण भरून काढू. मामाने धारूरच्या डोंगरातून कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणून दिली, कारण लिंबावरची गुळवेल अधिक गुणाची. एक कांडे तिने परसातल्या लिंबाशी लावलेही. दहा दिवस तू तो कडू काढा प्यालास. मला वाटते, तू तो तिच्यासाठी प्यालास.

मला हे फोनवर कळले. आईनेच आनंदाने सांगितले, ताप उतरला, तोंडाला चव आली. मी म्हणाले, "आई, तो काढा आजपासून बंद कर."

"कावून?"

माझ्यामागे बूथबाहेर रांग होती. मी म्हणाले, आल्यावर सांगते.

त्यानंतरचे टिंब रेषेच्या वर गेले. त्याच्यानंतरचे आणखी वर. औरंगाबादला तुला दाखल केले तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळ्या चुकल्या? नाही. ताप आला होता? हो. काही गावठी औषध, काढा, भस्म? आईने तोंड उघडले होते, दादा. मी पाहिले. तू तिच्याकडे न पाहता म्हणालास, "न्हाई, काही न्हाई." आईचे तोंड तसेच मिटले.

बाहेरच्या बाकावर आपले भांडण झाले, आणि ते इतक्या हळू आवाजात झाले की शेजारच्या माणसाला आपण घरच्या गोष्टी करतोय असे वाटले असेल. उपचार बदलणार नव्हते, शरीराचा हल्ला थोपवायचे तेच मोठे इंजेक्शन मिळणार होते, हे मलाही ठाऊक होते. पण नोंद चुकीची जात होती. आणि आईला खरे कळायलाच हवे होते.

तू विचारलेस, "तुला ठाव हाय का? नक्की?"

"शक्यता आहे."

"शक्यता तू तुज्या प्रबंधात लिही. आईच्या उरावर ठिवू नको."

मी म्हणाले की न सांगितलेले ओझे जास्त जड होते. तू म्हणालास, ती माझ्यासाठी काहीतरी करत होती एवढे तिच्याजवळ राहू दे. आणि मग, मी रडेन असे तुला वाटले असावे म्हणून, "तुजी पोरगी मी नीट सांभाळली न्हाई, घरी सांगू नको," असे म्हणून हसलास. मला हसू आले नाही.

आपण परळीला परतलो तेव्हा परसातल्या लिंबाशी लावलेले कांडे मुळापासून उपटलेले होते. आई आपल्याआधी दोन दिवस घरी आली होती. तू ते पाहिलेस, मी ते पाहिले, आणि आपण दोघेही हातपाय धुवायला गेलो. म्हणजे त्या दिवसापासून ते कुणापासूनच लपलेले नव्हते. तरी तू गप्प राहिलास आणि मलाही गप्प ठेवलेस. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, आणि आता तो राग न्यायचा कुठे ते कळत नाही.

इंजेक्शनाने काम झाले नाही. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या यंत्रावर जाणे, जीपमधले धक्के, मोजून मापून पाणी. पाण्याच्या नळांचा दुकानदार आणि दिवसाला दोन पेले पाणी. हा विनोद तू इतक्यांदा केलास की गिऱ्हाईकही ऐकून दमले. मी आलेख उतरवायचे म्हटले. तू नको म्हणालास. "राहू दे. सपाट होती तवा बी माझीच होती."

शेवटी हृदयाने साथ सोडली. तुला आंघोळ घातली, भिंतीशी टेकवून बसवले. आपल्यात माणसाला झोपवून पाठवत नाहीत. मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, पूजेला बसल्यासारखे पाठवतात. कपाळावर, दंडांवर, छातीवर विभूतीचे तीन तीन पट्टे ओढले गेले. स्वामी मंत्र म्हणत होते. आईने अचानक त्यांना हाताने थांबवले, तुझे धोतर थोडे खाली सरकवले, आणि ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, त्या वाकड्या व्रणावर, तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. "हितं माझी लेक हाय," ती म्हणाली. स्वामी मंत्र पुढे म्हणू लागले.

मी माझ्या, मूत्रपिंड काढलेल्या डाव्या कुशीवर हात ठेवून उभी होते. आपल्यात जाळत नाहीत, पुरतात; त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. माझा एक भाग मातीत बसणार आहे, मांडी घालून, तुझ्यासोबत. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. तिथे काय उरते आणि किती काळ, हे मला ठाऊक आहे. तरी विमानातून, म्हणजे त्या सजवलेल्या पालखीतून, तुला नेताना मी तुझ्या उजव्या बाजूने चालले.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हते. आई गल्ल्यावर, मी पाटावर. तिने आलेखाकडे न पाहता विचारले, "काढ्यानं गेला का गं त्यो?"

तुझे उत्तर "नाही" होते. माझे उत्तर दीड वर्ष "बहुतेक हो" होते. मी तोंड उघडले तेव्हा लक्षात आले की त्या दोन्हींतले एकही खरे नाही.

मी तिला सांगितले. ताप आला म्हणून काढा दिला. म्हणजे ताप आणि काढा एकत्रच आले, आणि दोघांना वेगळे करायचा कुठलाही मार्ग माझ्यापाशी नाही. तापातही शरीर असे निरोप सोडते की लढणाऱ्या पेशी थोपवणाऱ्यांना जुमानत नाहीत, असे आता कुठे दिसू लागले आहे. मग तापानेही झाले असेल. निम्म्या खुणा न जुळल्याने आतून आधीच सुरू झाले असेल. गुळवेलीने लढणाऱ्या पेशींना बळ दिले असेल. थोपवणाऱ्यांना दिले असेल. कदाचित कुणालाच नाही. तिने देऊ नये असे मी सांगितले, कारण धोका पत्करण्यासारखी जागा ती नव्हती, आणि अशा कुणाही रुग्णाला तिने यापुढे देऊ नये. पण त्याने दादा गेला असे म्हणायला काढा प्यालेला एक दादा आणि न प्यालेला एक दादा लागला असता. आपल्याकडे एकच होता.

आई ऐकत राहिली. मध्येच एक माणूस नळाला गुंडाळायची टेप विचारायला आला, तिने दिली, सुटे परत केले आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"म्हंजे तुला बी ठाव न्हाई."

"न्हाई."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून, आई."

ती रडली. तू गेल्यापासून लोकांसमोर रडत होती तशी नव्हे. गल्ल्याच्या लाकडावर कपाळ टेकून, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तुझे म्हणणे मला मान्य नव्हते आणि अजून नाही, दादा. तिला विचारू द्यायला हवे होते. पण तुझा प्रश्न बरोबर होता. ठाव हाय का, नक्की? हा प्रश्न मी आता माझ्या प्रत्येक निष्कर्षाला विचारते, आणि विचारताना मला तुझा आवाज ऐकू येतो.

डोळे पुसून आईने विचारले, "तुजी किडनी कवा तपासली होती शेवटची?"

मी म्हणाले, झाले वर्ष. कदाचित जास्त.

"दुसऱ्याचे आकडे मांडत बसलीस." ती उठली आणि दुकानाचे शटर अर्धे ओढले. "एकाला राखता न्हाई आलं मला. चल."

स्टेशन रोडवरच्या प्रयोगशाळेत तिने माझा हात धरून ठेवला, जणू सुई तिलाच टोचणार होती. संध्याकाळी अहवाल आला. तो तिने मला वाचू दिला नाही, समोरच्या माणसाला वाचायला लावला आणि विचारले, "नांदती हाय ना?" आता कुणाच्या घरी, हे तिने विचारले नाही.

दुकानात परतल्यावर तिने दिनदर्शिकेशेजारी बोट ठेवले. तुझी रेषा जिथे कागदाच्या वरच्या कडेला जाऊन थांबते, त्याच्या पुढच्या रिकाम्या चौकटीत, अगदी खाली, मी एक टिंब काढले. शेजारी माझ्या क्रिएटिनिनचा आकडा लिहिला.

०.९